धोका कमी

बायको गेल्यापासून शिंपीकाकांनी मशीनला हात लावला नव्हता, म्हणून मुलीने त्यांना बळेबळे समुपदेशक बाईंपुढे आणून बसवलं. काका जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाहीत ना, हे ताडायला बाईंकडे छापील प्रश्न होते. झोप? उडालेली. भूक? मेलेली. मित्र? तुटलेले. बाईंना धस्स झालं.

"देवावर विश्वास आहे?"

"आहे की!" काका पहिल्यांदाच ताठ बसले. "मेल्यावर आपली माणसं भेटतात, यावरसुद्धा आहे."

बाईंचा जीव भांड्यात पडला. श्रद्धाळू माणूस तग धरतो, असं त्या स्वतःच वर्गात शिकवायच्या. त्यांनी 'धोका कमी' यावर खूण केली आणि पुढच्या गुरुवारची वेळ दिली.

"गुरुवारी नाही जमायचं," काका दारातून हसून म्हणाले. "तिचा वाढदिवस आहे. तिच्याकडे जायचंय."

अस्थी सोडल्या त्या घाटावर फुलं वाहायला जात असतील, असं बाईंना वाटलं. "मग जरूर जा. बरं वाटेल तुम्हाला."

शुक्रवारी मुलगी एकटीच आली आणि तिने उभ्याउभ्याच विचारलं, "बाबांनी चिठ्ठीत लिहिलंय, बाई 'जरूर जा' म्हणाल्या. खरं का हो?"