तिसरा दोष

“तिसरा दोष कोणता होता?” असं म्हणत चित्रकर्तीने बारा वर्षांपूर्वीचं कात्रण समीक्षकाच्या टेबलावर आपटलं.

समीक्षकाने चष्मा कपाळावर सरकवला. “अडला हरी…”

“गाढव कोण ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. दोष सांगा.”

या माणसाचं पुन्हा तोंड बघायचं नाही, असं तिने तेव्हा ठरवलं होतं. तिच्या पहिल्याच प्रदर्शनातल्या एका चित्राचा त्याने पानभर पाणउतारा केला होता. चित्र तिच्या वडिलांचं. ते शिंपी. मुलीने दुकान सोडून रंगांच्या नादी लागावं, हे त्यांना पटेना. त्यांनी अबोला धरला. त्या अबोल्यातच एका दुपारी ते शिलाई मशीनवर बसलेले असताना तिने त्यांना रंगवलं. चित्राला नाव दिलं ‘राग’. आणि त्याच आठवड्यात घर सोडलं.

गेल्या वर्षी तिची चित्रं ठेवलेल्या गोदामाला आग लागली. चित्र जळून गेलं. धड एक फोटोही नव्हता. उरला तो हा लेख. नावं ठेवायला का होईना, पण समीक्षकाने चित्राचा इंच न् इंच लिहून ठेवला होता. डावा खांदा उजव्याहून दोन बोटं खाली. गळ्यातली टेप मेलेल्या सापासारखी. भिंत बटाट्याच्या सालीच्या रंगाची. त्याच्या शिव्या समोर ठेवून ती सहा महिने तेच चित्र पुन्हा काढत होती. खांदा जमला, टेप जमली, भिंतही जमली. चेहरा मात्र काही केल्या जमेना. भुवया आवळल्या, जबडा आवळला. दर वेळी कुणी परकाच माणूस खवळून बसलेला दिसे. लेखात रेखाटनाचा दोष होता, रंगाचा होता. शेवटी एवढंच होतं: ‘तिसऱ्या दोषाबद्दल न बोललेलं बरं.’

समीक्षकाने कात्रणाकडे पाहिलंही नाही.

“चेहरा,” तो म्हणाला. “राग काढायला गेलात आणि सपशेल फसलात. तो माणूस हसू दाबत होता. शिवायचं नुसतं सोंग. सुईत दोराच नव्हता. तुम्हाला चित्र काढता यावं म्हणून बसला होता तो.”

“दोरा काढायचा राहिला असेल माझ्याकडून.”

“तुमच्याकडून? बटणांची भोकंसुद्धा मोजून काढली होतीत. दिसलं ते सगळं काढलंत, कळलं काही नाही.”

तिने कात्रण उचललं. “मग हे लिहिलं का नाहीत?”

“लिहिलं असतं तर चित्र वाखाणावं लागलं असतं. आणि तुम्हाला वाखाणायची माझी इच्छा नव्हती. आजही नाही.”

ती दारापर्यंत गेली. तिथे थांबली.

“तुमचा लेख छापून आला तेव्हा वडील हयात होते,” ती म्हणाली. “पुढे चार वर्षं होते. मी घरी गेले नाही.”