बसच्या आवाजाआड

शेवटची पिशवी दाराशी ठेवून सासूबाई खुर्चीत टेकल्या. मुलगा ट्रंक घेऊन खाली गेला, गाडीत चढवायला. सून ओट्याशी पाठमोरी उभी राहून थर्मासमध्ये चहा ओतत होती. दोघीच घरात उरल्या की एरवी चकमक ठरलेली. आज कोणी कुरापत काढेना.

सासूबाई लेकीकडे निघाल्या होत्या, कायमच्या. घर चढावर, पहिल्या मजल्यावर. प्रत्येक बस नेमकी ओट्यासमोरच्या खिडकीखाली गिअर बदलायची आणि काळा धूर सोडत अशी काही गुरगुरायची की मांडणीतल्या कपबशा वाजायच्या. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी पुन्हा धुवायच्या लायकीचे. म्हातारीचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, यांना या धुरातून हलवा. लेक तर एका पायावर तयार होती. बिनधुराच्या बस येणार, हे सगळे इतकी वर्षं ऐकत होते की कोणी मनावरच घेतलं नाही.

या घराची एक खोड होती. बस आली की बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबायचा आणि ती गेली की तिथूनच पुढे सुरू करायचा. पाहुणे चक्रावायचे. सुनेनं मात्र लग्न होऊन आल्या आल्या या खोडीचा फायदा हेरला. सासूबाईंनी टोमणा मारला तरी ती लगेच ब्र काढत नसे. खिडकीकडे तोंड करून उभी राहायची आणि वळणावर बसचं नाक दिसलं रे दिसलं की पोटातलं सगळं भडाभडा बोलून टाकायची. हे तुमच्या लेकीला शिकवा आधी, इथपासून सुरुवात. बस गेली की पुन्हा गुणाची सून. खिडकीच्या काचेत तिला मागे सासूबाईंचेही ओठ हलताना दिसायचे. म्हातारी आपल्याला शिव्या घालत असणार, हे तिनं केव्हाच धरून टाकलं होतं.

पण सुनेचं ऑपरेशन झालं तेव्हा याच म्हातारीनं तिला न्हाऊमाखू घातलं होतं. टोमणे मारत का होईना, घातलं होतं. सकाळपासून सुनेच्या घशाशी एकच वाक्य अडकलं होतं. इतकी वर्षं जिच्याशी उभा दावा, तिला थांबा म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? तेवढ्यात वळणावर बस दिसली आणि सवयीनं तोंड आपोआप उघडलं.

"जाऊ नका हो आई. तुम्ही गेल्यावर मी भांडू कोणाशी? मला नाही करमायचं."

कपबशा वाजल्या नाहीत. खालून टायरांची नुसती सळसळ झाली आणि नवी कोरी बस चढ चढून निघूनही गेली. बॅटरीवरच्या बस आजपासून या रस्त्याला धावणार, हे नवऱ्यानं सकाळीच पेपरातून वाचून दाखवलं होतं. सामानाच्या गडबडीत तिच्या डोक्यातून ते पार गेलं. थर्मास भरून चहा ओट्यावर सांडला, तरी ती ओततच राहिली. मागे वळायचा तिला धीर होईना. नवऱ्यानं ऐकलं असतं तरी चाललं असतं, पण ऐकलं ते नेमकं सासूबाईंनी.

खुर्ची करकरली. सासूबाई उठल्या, दाराशी गेल्या आणि पिशवी उचलून पुन्हा आत आणून ठेवली. मग सुनेच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि फडक्यानं ओटा पुसू लागल्या. चहा सांडायचीसुद्धा एक रीत असते, असं पुटपुटल्याही.

"महिनाभर येणाऱ्या प्रत्येक बसला तुझ्या पाठीकडे बघून मी एकच विचारत होते, 'मला थांबा म्हणशील का गं?'" त्या म्हणाल्या. "आज सकाळपासून तेवढं विचारायचीही सोय राहिली नाही."