रिकाम्या रकान्याची लांबी

यादीत नावं आठ होती आणि मोजणीचं सूत्र नऊ सांगत होतं.

रचनाने पुन्हा एंटर दाबलं. नऊ. बोटीला परवानगी आठच माणसांची. पाच वाजेपर्यंत यादी वर मत्स्य खात्याकडे गेली नाही, तर पावसाळी बंदी उठूनही उद्या बोट रेवदंड्याच्या धक्क्यालाच राहणार होती. आणि उद्या त्या बोटीवर तिचा धाकटा भाऊ दीपेश पहिल्यांदा जाणार होता.

तरी तिला चीड आली नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत बसल्यापासून असली कोडी हीच तिची करमणूक होती. यादीतली पाचवी ओळ रिकामी दिसत होती. तिने त्या रकान्याला लांबी मोजणारं सूत्र लावलं, लेन. उत्तर आलं, सात.

"काका, गंमत बघा. रिकाम्या रकान्यात सात अक्षरं हायत."

शिवदासकाका, सोसायटीचे जुने कारकून, टेबलाच्या पलीकडे जुन्या फायलींचे गठ्ठे बांधत होते. "दिसत तर न्हायत."

"स्पेस असतील. ट्रिम मारली की उडतात."

ट्रिम मारली. सातच.

"अस्सं! म्हणजे साधी स्पेस न्हाय ही. वेबसाइटवरून काही उचललं की चिकटून येते ती, एकशे साठ नंबरची. दिसायला तशीच, पण ट्रिम तिला हात लावत न्हाय." तिला आता मजा यायला लागली होती. "या ओळीत कुठून काय चिकटवलेलं तुम्ही?"

सुतळीवरचा काकांचा हात थांबला.

"काय न्हाय चिकटवलं. तुकारामची ओळ ती. चार वर्सांमागं बोटीवरून पडला, सापडला न्हाय. मी नाव खोडलं. नीराबाय बोलली, नवऱ्याचं नाव काढा, जागा काढू नका. तेवढी ठेवली, नुस्ती."

"म्हणून ही बोट दरसाल सात जणं घेऊन जाते?"

"आठ," काका म्हणाले आणि गाठ मारू लागले.

रचनाने बाजूच्या रकान्यात 'तुकाराम' असं लिहिलं आणि त्याची लांबी काढली. संगणक काना-उकार वेगळे मोजतो हे तिला ठाऊक होतं, तरी तिने बोटांवरही मोजून पाहिलं. सात.

"योगायोग," ती म्हणाली. काकांनी काही विचारलं नव्हतं.

तिने ती न दिसणारी जागा शोधून पुसायची आज्ञा दिली. सात बदल झाले, असं पडद्यावर आलं. एकूण मोजणी आठ झाली. फाईल पाठवण्याआधी, सवयीने, तिने लांबीचं सूत्र सगळ्या नावांवरून खाली ओढलं. सगळ्यात शेवटी दीपेश. त्याची लांबी पाच यायला हवी होती.

आली बारा.

रकान्यात 'दीपेश' एवढंच दिसत होतं. तिने कर्सर 'श'च्या पुढे ठेवला आणि उजवा बाण दाबला. कर्सर पुढे सरकला. पुन्हा दाबला, पुन्हा सरकला. सातव्यांदा सरकून तो थांबला.

तिने केलेलं मागे घेतलं. पाचव्या ओळीत सात परतले, दीपेश पाचावर आला. पुन्हा पुसलं. दीपेश बारा. तिसऱ्यांदा केलं, बारा. तीनदा तेच उत्तर आलं तर त्याला योगायोग म्हणायचं नाही, हे तिला प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

"काका, गार लागतंय, पंखा बंद करा ना."

"बंदच हाय."

पाचाला दहा मिनिटं कमी होती. रचनाने शेवटचं पुसणं मागे घेतलं. मग दीपेशची ओळ निवडली आणि ती उडवली. मोजणी आठ. यादी वर गेली. तिने एक प्रत छापून दारावर लावली आणि खुर्चीत येऊन हात मांडीखाली दाबून बसली.

दहा मिनिटांत दीपेश तो कागद दारावरून फाडून आत आला.

"ताई, माझं नाव कुठं हाय? बोटीचा तांडेल बोलतो, जागा न्हाय. ही बघ, सात नावं! एवढी शिकलीस नि आठपर्यंत मोजता येत न्हाय तुला? आठवा कोन जातोय?"

रचनाने काकांकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली.

दीपेशच्या मागे नीराबाई येऊन उभी होती. बोटी निघायच्या आदल्या दिवशी ती दरसाल यादी बघायला यायची, वाचता येत नसलं तरी. तिने दीपेशच्या हातून कागद घेतला, टेबलावर सरळ केला. तिचं बोट एकेका नावावरून खाली उतरत गेलं आणि पाचव्या ओळीवर, कोऱ्या जागेत, थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं.

मग तिने कागदाची घडी घातली.

"जा रे दीपेश, तांडेलाला सांग," ती म्हणाली. "बोटीवर भात आठांचाच टाकायचा."