ठेवणीतली बाटली

डॉक्टरांनी हात टेकले, तशी एतेल्काने नवऱ्याच्या उशाशी बसून ठेवणीतली बाटली उघडली. तोकायच्या मळ्यांत वेलींवर सुरकुतलेल्या द्राक्षांतून आपोआप ठिबकणारी ती मधासारखी घट्ट वाइन मरणाच्या दारातूनही माणसाला माघारी आणते, असं गाव मानायचं. "अहो, तोंड उघडा ना! एकच चमचा." त्याने जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं. "कोमट? म्हणे वाइनवाल्याची बायको! जा, खाली तळघरात गार करून आण. आणि सावकाश ये, सांडशील." तो खेकसला, म्हणजे गुण आला! ती हरखून पायऱ्या उतरली, बुरशीने काळवंडलेल्या भिंतीशी चमचा धरून उभी राहिली. थेंबही न सांडता वर आली, तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. "गार झाली हो! घ्या ना!" चमचा दातांवर वाजला. उभ्या संसारात तो तिला ‘सावकाश ये’ असं कधीच म्हणाला नव्हता.