लाइनवरची खरखर

बाबांनी पंखा बंद केला. टॅब्लेटच्या पडद्यावरची रेष तशीच काटेरी. मग ट्यूबलाइट घालवली, फ्रिज बंद केला, मोबाइलचा चार्जर भिंतीतून उपटला. रेष जैसे थे. मुलगी डोक्याला पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसली होती. दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशी.

"बाबा, आता घरात मीच तेवढी चालू आहे," ती म्हणाली.

"तू बोलू नकोस. तू बोललीस की लाइन हलते."

बाबांची उभी हयात टेलिफोनच्या लाइनवरची खरखर शोधण्यात गेली होती. मुलीचं डोकं दुखू लागलं तेव्हा तेही त्यांनी खात्याचंच काम समजून अंगावर घेतलं. डॉक्टरांनी सगळं तपासून "तसं काही नाही" असं सांगितलं होतं. म्हणजे बाबांच्या लेखी फॉल्ट अजून सापडला नव्हता. मग कुठेतरी वाचलं, की मेंदूच्या लहरी पडद्यावर बघत बघत त्याला शांत राहायची शिकवणी घरच्या घरी देता येते, आणि त्यासाठी परवडतील असे बिनतारी हेडसेट मिळतात. 'बिनतारी' या शब्दावर त्यांचा जन्मात विश्वास बसला नव्हता. तरी त्यांनी तीन मागवले, पसंत न पडल्यास परत करायच्या बोलीवर.

घाईला कारण होतं. समुद्रापलीकडची नोकरी घेणार की नाही, ते मुलीला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. "असलं डोकं घेऊन कुठे जाऊ?" असं म्हणून तिने नकार लिहूनसुद्धा ठेवला होता. "आणि डोकं थांबलं तर?" बाबांनी विचारलं होतं. "बघू," ती म्हणाली होती. बाबांनी ते होय असं धरलं.

पहिला हेडसेट सगळ्यांत स्वस्त. बाबांनी तो आधी उशीला बांधून पाहिला. उशीला 'अतिशय शांत मन' असा शेरा मिळाला, वर शाबासकीचा तारा. तो लगेच खोक्यात गेला. दुसऱ्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेले बोळे होते. पाणी कानात उतरायचं आणि केसांवरून बोळा सरकला की संपर्क तुटायचा. "त्यापेक्षा कपाळावर ओली पट्टी ठेवा," मुलगी म्हणाली. तोही गेला. तिसरा मात्र बरा निघाला. बाबांच्या कपाळावर त्याने स्वच्छ रेष दिली. मुलीच्या कपाळावर चढवला, की काटेरी कुंपण.

पुस्तिकेत लिहिलं होतं: दात आवळल्यास असे काटे दिसतात.

"दात सोड," बाबा म्हणाले.

"सोडलेत की."

"मग हे काय?"

"मला काय माहीत? मशीन तुम्ही आणलंत."

"डोकं दुखतंय का आत्ता?"

"नाही, बाबा."

रेषेने टुणकन उडी मारली.

"आता मेन स्विचच घालवतो," असं म्हणत बाबा टॅब्लेट घेऊन जिना उतरले. मीटरचं कपाट खालच्या मजल्यावर, जिन्याच्या पोटात होतं. त्यांनी ते उघडलं, स्विचवर हात ठेवला आणि सवयीने आधी लाइनकडे पाहिलं.

रेष स्वच्छ होती. इस्त्री केल्यासारखी.

स्विच तर अजून चालू होता. बाबा चक्रावले. बिनतारी यंत्र लांब गेल्यावर बिघडायला हवं, हे सुधारत होतं. ते पुन्हा जिना चढून दारात आले. काटे. उतरले. काटे गेले. गुडघे कुरकुरत होते, त्यांच्याकडे लक्ष न देता परत वर गेले, "काही नाही, तू बस" म्हणाले आणि परत खाली आले. एकदा दिसलं ते खरं धरायचं नाही, अशी नोकरीतली शिस्त होती.

नोकरीतला दुसरा नियम याहून सोपा. लाइनवरून एकेक वस्तू काढत जायची. जी काढल्यावर खरखर थांबते, दोष तिच्यात. पंखा काढून झाला होता. दिवा, फ्रिज, चार्जर काढून झाले होते. सगळ्यांत शेवटी त्या खोलीतून काय काढलं, याचा बाबा विचार करू लागले.

विचाराला फार वेळ लागला नाही. त्यांनी स्विचवरचा हात काढून घेतला आणि कपाटाचं दार हळूच लावलं.

"बाबा," वरच्या उघड्या दारातून हाक आली, "सापडला का फॉल्ट?"

"सापडला."

"कशात होता?"

"जुना माल आहे. आता दुरुस्त होण्यातला नाही." बाबांनी पडद्यावर नजर ठेवली. "पण लांब असला, की लाइन स्वच्छ मिळते."

पडद्यावर काटे आले नाहीत. मोठ्या, संथ लाटा येऊ लागल्या, एकीमागून एक. पुस्तिकेत त्यांच्याबद्दलही लिहिलं होतं: या लाटा मेंदूच्या नसून डोळ्यांच्या असतात, हिशेबात धरू नयेत.

बाबांनी टॅब्लेट पालथा घातला.

"वर या ना, बाबा."

"येतो." बाबा सगळ्यांत खालच्या पायरीवर टेकले. "तू आधी त्या नोकरीवाल्यांना होय कळव. तोवर मी इथेच बरा आहे."