मधला स्पीकर

"हे बघ, तोंड हलतंय. आवाज कुठाय?" आप्पांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "सहा महिने हेच चाललंय. कान माझे शाबूत आहेत, हे मशीन बहिरं झालंय."

गीतांजलीने पर्स सोफ्यावर टाकली आणि उभ्या उभ्याच बघत राहिली. कॉम्प्युटरवर सिनेमा चालू होता. वादळात होडी सापडली होती आणि खलाशी जिवाच्या आकांताने एकमेकांना काहीतरी सांगत होते. ढग पाठीमागून गडगडत होते, लाटा दोन्ही बाजूंनी अंगावर येत होत्या. माणसं मात्र मुकी. एकाचाही शब्द ऐकू येत नव्हता.

म्हणजे आप्पा खरंच सांगत होते. तिला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला.

दिनानाथ आप्पांनी चाळीस वर्षं नाटकांचा साउंड सांभाळला होता. नटाचा घसा बसतोय हे नटाच्या आधी विंगेत बसलेल्या आप्पांना कळायचं. पुढच्या रविवारी दत्तूच्या नाटक कंपनीचा वाशीला प्रयोग होता आणि साउंडला त्याला आप्पाच हवे होते. त्याने नेरूळला घरी फोन केला, तर निशांतने परस्पर नाही म्हणून सांगितलं. शेवटी दत्तूने गीतांजलीला महाप्याच्या ऑफिसात गाठलं.

"तुमचा भाऊ आप्पांना फोनच देत नाय, ताई. बघा जरा काय ते."

फोन तिलाही मिळत नव्हता. कधीही लावा, उचलणार निशांत. आप्पा झोपलेत, आप्पा खाली गेलेत. आप्पा स्पीकरवर कुरकुरतात असं एकदा त्याच्याच बोलण्यात आलं. बघायला माणूस पाठवू का, असं तिने विचारलं तर म्हणाला, "असू दे ना बिघडलेला. तुझं काय जातंय?" कुठेतरी पाणी मुरत होतं. या धाकट्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्याच्याबद्दल असलं काही मनात यावं याची तिला लाजही वाटत होती.

ती टेबलाखाली शिरली.

"कॉम्प्युटरच्या पिना तर नीट आहेत, आप्पा. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, केशरी मधल्याची आणि या मोठ्या बॉक्सची. निशांतनेच जोडलं का हे सगळं?"

आप्पांनी उत्तर दिलं नाही. लेकाची चुगली नको म्हणून गप्प बसले असतील, असं तिला वाटलं.

मोठ्या बॉक्सच्या पाठीला पाच स्पीकरांची पाच भोकं होती. चारांत वायरी होत्या, पाचवं रिकामं. त्यावर लिहिलेलं तिने मोबाइलच्या उजेडात वाचलं. मधला स्पीकर. सिनेमातली माणसं बोलतात ती बहुतेक त्यातूनच. वारा, पाऊस, पावलं हे बाकीचे चार सांभाळतात. तो बंद पडला की वादळ राहतं आणि बोलणं जातं.

वायर बॉक्सच्या मागेच सापडली. व्यवस्थित वेटोळं करून रबर बँड लावलेली. सुटून पडलेली वायर स्वतःला रबर बँड लावून घेत नाही.

गीतांजलीच्या डोक्यात तिडीक गेली. ती बाहेर आली आणि आप्पांच्या समोर खाली बसली.

"आप्पा, रविवारी दत्तूकडे साउंडला बसाल?"

"दत्तूने विचारलं? मला?"

"आठ दिवस झाले. निशांत बोलला नाही तुम्हाला?"

"विसरला असेल गं. ऑफिसचं टेन्शन असतं त्याला." आप्पांचे डोळे भरून आले होते. "बसेन की. का नाही बसणार?" मग त्यांनी तिचा हात धरला. "पण आधी हे नीट कर, गीता. रोज हे मुके चेहरे बघून बघून कधीकधी मलाच माझी शंका येते."

तिने तिथल्या तिथे दत्तूला फोन लावला आणि आप्पा येतायत म्हणून सांगून टाकलं. मग वायरीचा रबर बँड काढला, वायर पाचव्या भोकात घट्ट बसवली आणि सिनेमा मागे नेऊन पुन्हा लावला.

त्याच वेळी दार उघडलं. हातातल्या भाजीच्या पिशव्यांसकट निशांत उंबऱ्यातच थांबला.

"ताई, ती वायर काढ."

"कोणी काढून ठेवली होती?"

"मी. काढ आधी. प्लीज."

"लाज नाही वाटत? त्या माणसाला स्वतःच्या कानांचा संशय यायला लागलाय, कळतंय तुला?"

"तसंच राहू दे गं. संशयच राहू दे." निशांतने विनवलं.

"हळू बोल. आप्पा ऐकतील."

निशांतने मानेनेच आप्पांकडे खूण केली. आप्पा पाठमोरे बसले होते, थरथरणाऱ्या बॉक्सवर पंजा ठेवून.

त्याला पुढे येऊ न देता ती पुन्हा आप्पांच्या समोर गेली. "आप्पा, एक वायर निघाली होती. बसवली. आता या मशीनमध्ये काहीही बिघाड नाही. दत्तूला पण सांगितलंय तुम्ही येताय."

आप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. ते लहान मुलासारखे हसले, खुर्ची पुढे ओढून ताठ बसले. पडद्यावर म्हातारा खलाशी पोराला हाका मारत होता. शब्द न् शब्द दारापर्यंत स्वच्छ येत होता. निशांतने पिशव्या खाली ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

आप्पांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"झालं ना सगळं जोडून?" ते म्हणाले. "मग आता त्यांना बोलायला लाव."