अलार्मचं पान

घरी वापरायच्या ऑक्सिजन मशीनची माहितीपुस्तिका नव्याने लिहायची होती. तिची मांडणी कशी करायची, यावर सकाळपासून खल चालला होता. विभागप्रमुखांचं म्हणणं, मशीनच्या भागांनुसार प्रकरणं पाडू. मोटर, फिल्टर, नळी, अलार्म. प्रत्येक गोष्ट एकाच जागी सापडते, पुढे बदल करणंही सोपं जातं. नवी लेखिका मात्र हटून बसली होती. वापरणाऱ्याला काय करायचंय त्यानुसार मांडू, आणि अलार्म वाजला तर काय करायचं ते सगळ्यात आधी.

"अहो, जुनी पुस्तिका भागांनुसारच आहे. इतकी वर्षं कोणाची तक्रार नाही," प्रमुख वैतागले. "तुम्ही ती कधी वाचलीय तरी का?"

"वाचलीय सर. दादाचं मशीन ठणाणा करत होतं तेव्हा, उभ्या उभ्या. मोटर झाली, फिल्टर झाला, तरी अलार्मचं पान काही येईना."



"मग दादा...?" प्रमुखांनी हळूच विचारलं.

"वाचला. वहिनीने पुस्तिकेला हातच लावला नाही. ती नळी चाचपत गेली. पलंगाच्या पायाखाली चेंगरली होती."

प्रमुखांनी आपला आराखडा बाजूला सारला आणि कोरा कागद पुढे ओढला.

"सांगा. 'घाबरू नका' इथून सुरुवात करू?"

"नको सर. माणूस घाबरणारच. 'नळी बघा' इथून करू."